मागे ठेवलेल्या पोरीच्या गावाला

"हिंगोलीला बघण्यासारखं काय आहे?" असं या ब्लॉगवर मला आजवर कुणी विचारलेलं नाही, आणि विचारलं असतं तर मीच बोलणं दुसरीकडे वळवलं असतं. लडाख झालं, मेघालय झालं, श्रीलंकाही लिहून झाली. जिथं लहानाची मोठी झाले त्या गावावर मात्र एक ओळ नाही. यावेळी लिहिते आहे. रस्ता कसा, खायचं काय, राहायचं कुठं, सगळं सांगेन. पण तोंड कडू झालंय. गोडगोड वर्णन हवं असेल तर जुन्या पोस्ट वाचा, माझा राग नाही.

झालं असं, की धाकट्या भावाचा, प्रकाशचा फोन आला. "ताई, आमचं मलावीचं नक्की झालं. येत्या रविवारी गावच्या चर्चमध्ये पाठवणीची सभा आहे. तू यायलाच पाहिजेस." मी म्हटलं, अरे वा, आणि कृपाच्या शाळेचं काय केलंत? कृपा म्हणजे त्याची मुलगी, सात वर्षांची. "अगं, ती नाही येत. ती राहील लीलामावशीकडे." तुळशीची कुंडी शेजारी ठेवून गावाला जावं, तसं सांगितलं त्यानं. फोन ठेवला आणि मी पहिलं काम केलं ते तिकीट काढायचं. ही पोरगी आईबापाबरोबर गेली पाहिजे, नाहीतर आईबाप गेले नाही पाहिजेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

नवीन वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. माझं नाव सुवार्ता. ऑफिसात सगळे सू म्हणतात, ते बरं पडतं. आमचे आई-बाबा मिशनरी होते. मिशनरी म्हटलं की लोकांना गोरा साहेब आठवतो. आमचे बाबा काळेसावळे, कळमनुरी तालुक्यातले, आणि आई पाटा-वरवंटा बरोबर नेऊ का म्हणून विचारणारी. चर्चनं त्यांना आफ्रिकेत, मलावीला पाठवलं तेव्हा मी सात वर्षांची होते. तिथं शाळा नाही, मलेरिया फार, म्हणून मला आईच्या थोरल्या बहिणीकडे, लीलामावशीकडे ठेवलं. दोन वर्षांसाठी. ती दोन वर्षं मी कॉलेजात जाईपर्यंत पुरली. मधल्या काळात प्रकाश तिकडेच जन्मला, आईच्या कुशीत वाढला. त्याला मात्र मलेरियानं काही केलं नाही. आई-बाबा आता दोघंही नाहीत, आणि प्रकाश त्यांच्याच कामावर निघालाय, त्यामुळे भांडायचं तर भावाशीच भांडावं लागतं.

जायचं कसं ते सांगते. पुण्याहून नांदेडकडे जाणारी रात्रीची गाडी पकडा, सकाळी परभणीला उतरा. स्टेशनवरून स्टँडला रिक्षा, आणि तिथून हिंगोलीची लालपरी. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे खिडकीची जागा मिळवायला पहाटे उठून कुस्ती खेळावी लागते, ती मी खेळले. रस्ता आता बराच सुधारलाय, मधेमधे कामं चालू आहेत, तिथं धूळ खायची. दोन्ही बाजूला हरभरा, आणि शेताशेतात हळद शिजवायचं काम चाललेलं. तो वास एकदा नाकात बसला की दिवसभर जात नाही. मला तो वास आला आणि डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी शेजारच्या बाईला सांगितलं की धूर गेला.

जवळा बाजारला उतरले, कारण आठवडी बाजाराचा दिवस होता आणि कृपासाठी काहीतरी घ्यायचं होतं. स्टँडसमोर मिरचीची भजी आणि चहा जरूर घ्या, पन्नासच्या आत पोट भरतं. कापूस-सोयाबीनच्या गाड्यांतून वाट काढत कपड्यांच्या पालांकडे गेले. एका चाचांकडे फ्रॉक टांगलेले होते.

"किती वर्साचं लेकरू हाय?"

"सात."

"अंगानं कसं? भरेल हाय का वाळकं?"

मी हातानं उंची दाखवली. चाचा माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "कवा पाह्यलं होतं तुमी त्या लेकराला?"

मागच्याच्या मागच्या नाताळला, म्हटलं.

"मंग दोन नंबर वाढवून न्या बाई. लेकरं काय थांबून ऱ्हातेत का कुणासाठी? बराबर नाही झालं तर उगा तकलीफ."

मी ऐकलं नाही. मला वाटलं, माझी भाची, मला माहीत नाही? दाखवला तेवढाच घेतला, पिवळा, खाली झालर असलेला.

या फ्रॉकमागे एक गोष्ट आहे. मलावीहून मला दर वर्षी नाताळला एक फ्रॉक यायचा. आई हातमशिनवर शिवायची, तिकडच्या त्या भडक छापाच्या कापडाचा. दर वर्षी तो सात वर्षांच्या मुलीच्या मापाचा असायचा. थोडा अंदाजानं वाढवलेला, पण कधीच पुरेसा नाही. ती मला जशी सोडून गेली होती तशीच तिच्या डोळ्यांपुढे राहिले होते मी. दहावीतला फ्रॉक तर माझ्या डोक्यातून खालीच उतरेना. मावशीनं त्याच्या उशांच्या खोळी केल्या. छान झाल्या, अजून आहेत.

पुढे औंढ्याला नागनाथाचं देऊळ लागतं. दगडावरचं कोरीव काम पाहायलाच हवं असं आहे, यात्रेकरूंमुळे लॉजही भरपूर. मी थोडं थांबले, फोटो काढले, सवयच ती. मग हिंगोलीला गाडी बदलली आणि कळमनुरीच्या अलीकडे आमच्या फाट्यावर उतरले. फाट्यापासून गाव चालत जाण्यासारखं आहे. सावली नाही, टोपी ठेवा.

मावशी दारातच बसली होती. आयुष्यभर अंगणवाडीत काम केलं तिनं, आता पेन्शनीला लागल्यासारखी बसते म्हणते, पण हात कधी रिकामे नसतात. मला बघून उठली नाही, फक्त म्हणाली, "आलीस? काहून एवढी वाळून राहिलीस? हातपाय धू, भाकरी टाकते." हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा. पुण्यात या ताटाला 'मराठवाडा थाळी' म्हणून साडेतीनशे घेतात.

कृपा खांबाआडून बघत होती. फ्रॉक काढून तिच्या अंगाला लावला आणि तोंड पाडून बसले. गुडघ्याच्या कितीतरी वर, आणि काखेत तर शिरतच नव्हता. शीलावहिनी, प्रकाशची बायको, हसली. "ताई, पोरगी उन्हाळ्यात वाढली हो." चांगल्या मनानं म्हणाली ती. मला मात्र त्या चाचांची आठवण झाली आणि स्वतःचाच राग आला. आईला नावं ठेवत इतकी वर्षं काढली, आणि माझ्याही हातून तेच.

सामानाच्या ट्रंका ओसरीत भरून ठेवल्या होत्या. वहिनी नर्स आहे, त्यामुळे एक अख्खी ट्रंक औषधांची. शेजारच्या शांताबाई ट्रंका बघायला म्हणून येऊन बसल्या. त्यांचं बौद्ध कुटुंब, आमचं ख्रिस्ती. भिंत एक, लहानपणी मी अर्धी त्यांच्याच घरी जेवले. त्यांचा मुलगा-सून ऊसतोडीला गेले आहेत. यावेळी त्यांना गुडघ्यामुळे जमलं नाही.

"नातू कुठायत?" मी विचारलं.

"कुठं असणार? आईसंगं. फडावर." शांताबाईंनी पानाला चुना लावला. "मास्तर येऊन बोलून गेला मला. लेकरायची शाळा बुडवता म्हने, अडानी लोकं. म्या म्हनलं, बुडूद्या. पाचटाच्या कोपीत ऱ्हातेत, पर मायच्या पोटाशी निजतेत." मग ट्रंकांकडे हनुवटी करून म्हणाल्या, "आमी लेकरू संगं नेलं तर आमी अडानी. तुमी ठुवून गेले तर तुमाला हार. मजाच हाय तुमची."

मावशीनं "गप गं शांते" म्हटलं. वहिनी आत गेली. मी मात्र शांताबाईंना चहा करून दिला, साखर जास्त घालून.

शनिवारी नरसीला गेलो. हिंगोलीपासून जवळच आहे, नामदेवांचं जन्मगाव, खाली कयाधू नदी. मला ब्लॉगसाठी फोटो हवे होते. प्रकाशनं मित्राची जीप आणली आणि कृपाही आली. देवळाबाहेर दुकानांची रांग, पेढे, चुरमुरे, खेळणी. पंजाबहून आलेले शीख यात्रेकरू भेटले, त्यांच्याशी हिंदीत गप्पा झाल्या. हल्ली दर्शनाला गर्दी असते, सकाळी लवकर गेलेलं बरं. कृपाला एक प्लास्टिकचं विमान घेतलं. ती ते नदीकाठच्या पायऱ्यांवर उडवत बसली आणि आम्ही दोघं वर बसलो.

प्रकाश तिकडच्या आठवणी सांगायला लागला. गावी आला की सांगतोच. आई मक्याच्या पिठाच्या भाकरी थापायची आणि शेजारच्या बाया बघायला यायच्या, हसून लोळायच्या. बाबा सायकलवरून लांबच्या वस्तीत जायचे, पावसात अडकले की दोन-दोन दिवस येत नसत, आई कंदील खिडकीत ठेवायची. चहाची पूड इथून गेलेली, ती पुरवून पुरवून वापरायची. बाबांना ताप भरला की आई रागावून देवाशी भांडायची, मोठ्यानं, मराठीत, म्हणजे शेजाऱ्यांना कळू नये. मग ताप उतरला की देवाची माफी मागायची. आई देवाशी भांडायची हे मला माहीतच नव्हतं. मला जी आई माहीत होती ती फक्त चर्चच्या व्यासपीठावरून बोलायची.

"आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी कुटुंबाची प्रार्थना," प्रकाश म्हणाला. "त्यात एक वेळ तुझीच असायची, ताई. बाबा म्हणायचे, आता ताईसाठी. एक दिवस चुकला नाही."

त्याला वाटलं, मला बरं वाटेल. मी म्हटलं, "म्हणजे तुला आई होती आणि मी प्रार्थनेचा विषय होते."

"असं काय बोलतेस?"

"कृपाला घेऊन जा प्रकाश. नाहीतर तू थांब."

"तिथं शाळा नाही गं."

"तू शिकलास की."

"आईनं शिकवलं घरी. शीलाला दवाखान्यातून वेळ कुठला मिळणार?" मग अगदी प्रेमानं म्हणाला, "आणि खरं सांगू? आम्ही तुझ्याकडं बघूनच ठरवलं. तूही मावशीकडेच वाढलीस ना? काय वाईट झालं तुझं? चांगली नोकरी, जगभर फिरतेस, कुणाच्या आधाराची गरज नाही. चर्चच्या पाळकसाहेबांनाही मी तेच सांगितलं. आमच्या ताईकडं बघा म्हटलं."

वाचकहो, तुम्ही मला मेसेज करता, सू, तुझ्यासारखं मोकळं फिरता आलं पाहिजे. ऐका मग. मला कुठल्याच घरात पंधरा दिवसांवर राहवत नाही. संध्याकाळ झाली, शेजारच्या घरात आई मुलाला हाका मारायला लागली, की मी बॅग भरते. त्याला तुम्ही छंद म्हणता. माझ्या भावानं त्याला पुरावा म्हटलं. मी म्हणाले, बरं, मग कृपाला माझ्याकडे पुण्याला ठेव. तो म्हणाला, "तू महिन्यातून किती दिवस घरी असतेस?" खाली कृपाचं विमान पाण्यात पडलं आणि आम्ही ते काढायला उठलो.

आता रविवार. आधी आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, एक रीत सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. उपासना संपत आली की पाळकसाहेब प्रार्थनेचे विषय विचारतात. कुणीही हात वर करून सांगायचा. कुणाची म्हैस आजारी, कुणाच्या पोराची भरती. आपला विषय आपण मांडायचा नाही, पाळक तो दुसऱ्या कुणाला तरी देतात आणि त्यानं उभं राहून देवापुढे मोठ्यानं मांडायचा. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. आमेन म्हटलं म्हणजे आपणही त्या मागण्यात सामील. मला ही रीत फार आवडायची. आई-बाबा मलावीला गेल्यावरच्या पहिल्याच रविवारी मी हात वर केला होता आणि म्हणाले होते, माझी आई परत यावी. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेजारी बसलेल्या मावशीनं माझा हात खाली ओढला आणि कानात सांगितलं, "असं न्हाई म्हनू बाळा. कामाला बळ मिळावं असं म्हन." मी तसं म्हणाले. मोठ्ठं आमेन झालं. पुढे दर रविवारी मी तेच म्हणत गेले आणि गावात माझं फार कौतुक झालं.

सभेला चर्च भरून गेलं होतं. पताका, ढोलकी, पेटी, बाहेर मांडवात पुऱ्या आणि वांग्याच्या भाजीचा घमघमाट. प्रकाश आणि वहिनी पुढे खुर्च्यांवर, गळ्यात हार. पाळकसाहेब भला माणूस, खोटं बोलणार नाही. त्यांनी मला पुढे बोलावून मंडळीला दाखवलं. "यांचे आईवडील याच गावातून गेले. मुलीला प्रभूच्या हाती सोपवून गेले. आणि बघा, प्रभूनं काही कमी केलं का हिला?" टाळ्या वाजल्या. बाजारात बैलाचे दात दाखवतात, तसं वाटलं मला. खाली येऊन बसले.

मग विषय सुरू झाले. पहिला हात कृपाचा. कुणी शिकवलं होतं की आपणच, देव जाणे. उभी राहिली, हात मागे बांधले आणि शाळेतल्या कवितेसारखं म्हणाली, "मम्मी-पप्पांच्या कामाला बळ मिळावं. आणि त्यांना माझी काळजी वाटू नये."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. "बघा, लेकरू काय बोललं!" असं मागून कुणीतरी म्हणालं. मी मावशीकडे बघितलं. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"हा विषय हिच्या आत्यानंच मांडावा," पाळकसाहेब म्हणाले.

मी उठले. डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, हिच्या आईबापाला हिची काळजी वाटू दे. फार वाटू दे. घास उतरू नये इतकी वाटू दे. तुझं काम मोठं आहे, पण हे लेकरू सात वर्षांचं आहे. तुझ्या कामाला बळ द्यायचं असेल तर हिला संगं नेऊ दे. आणि माझ्याकडं बघून कुणी पोर मागे ठेवणार असेल तर मी इथं सांगते, माझं बरं झालेलं नाही. मी रोज आईची वाट बघितली. हे मी तुझ्याजवळ मागते."

आणि थांबले. आमेनची वाट बघत. बाहेर मांडवात कढईत पुरी सोडल्याचा आवाज आला, तेवढाच. एकाही तोंडातून आमेन निघालं नाही. कृपानं आईकडे बघितलं, म्हणू का म्हणून. वहिनी पुतळ्यासारखी बसलेली. मग पाळकसाहेब खाकरले आणि म्हणाले, "आपण एक गीत घेऊ या." ढोलकी सुरू झाली.

जेवताना माझ्या पंगतीला कुणी बसलं नाही, शांताबाई सोडून. त्यांना जेवायला बोलावलेलं होतं. वाढपी पुऱ्या वाढत पुढे गेला तो मला टाळूनच. "माह्या ताटातली घे," शांताबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर वहिनीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "ताई, तुम्हाला काय वाटतं, माझं काळीज दगडाचं आहे? मी जिथं चाललेय तिथं दिवसाच्या वाटेवर डॉक्टर नाही. बाया बाळंत होताना मरतात, मी बघून आलेय. मी गेले तर त्यातल्या काही वाचतील. कृपाला इथं मावशी आहे, शाळा आहे, ती जगणार आहे. त्या बायांच्या पोरांना कोण आहे?"

ती म्हणाली त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "वहिनी, त्या पोरांचं बरोबर आहे. पण हिला हे कोण सांगणार? हिला तुम्ही 'काळजी वाटू नये' म्हणायला लावलंत."

"आम्ही नाही लावलं," वहिनी म्हणाली, आणि तिचं तोंड वाकडं झालं, आणि ती तिथंच पिठाच्या डब्यावर बसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता असं आता वाटतं, तेव्हा नाही वाटलं.

प्रकाश माझ्याशी बोललाच नाही. मावशीनं मात्र संध्याकाळी भाकरी थापताना विषय काढला. "देवाच्या घरात भांडण काहून नेलंस?"

"तू आमेन का नाही म्हणालीस?" मी विचारलं. "पाळकसाहेबांचं सोड, लोकांचं सोड. तू?"

मावशी भाकरी उलटत राहिली. "म्हनले. मनात म्हनले. तोंडातून न्हाई निघालं." मग भाकरी टोपल्यात टाकून म्हणाली, "तवा बी न्हाई निघालं. तुही माय निघाली तवा मला म्हनाव वाटलं, जाऊ नको. पर समदं गाव हार घेऊन उभं होतं." तिला एक स्थळ आलेलं होतं त्या वर्षी, हे मला शांताबाईंकडून कळलेलं आहे. पदरात दुसऱ्याचं लेकरू असलेल्या बाईला कोण करून नेतं? मावशीनं ते कधी सांगितलं नाही, आजही नाही. "आता म्हातारी झाले," एवढंच म्हणाली. "ही मोठी होईस्तोवर टिकते का न्हाई, काय माहीत."

सोमवारी हैदराबादची गाडी होती. तिथून त्यांचं विमान. ट्रंका जीपमध्ये चढल्या. कृपा रडली नाही, आणि ते कौतुकानं चार जणांनी बोलून दाखवलं. जीप निघायच्या आधी ती पळत घरात गेली आणि माझा तो पिवळा फ्रॉक आणून आईच्या हातातल्या पिशवीत कोंबला.

"अगं, तो तर तुला होत नाही," मी म्हटलं.

"माप म्हणून दिला," ती म्हणाली. "मम्मी मशीन नेतेय ना. याच्यापेक्षा मोठा शिव म्हटलं तिला."

वहिनीनं पिशवी छातीशी धरली आणि जीपमध्ये चढली. ती उतरते की काय असं मला क्षणभर वाटलं. प्रकाशनं दार लावलं. जीप फाट्याच्या दिशेनं गेली, धुळीत दिसेनाशी झाली, आणि कृपा मावशीला म्हणाली, "आता शाळेत जाऊ का?"

मी दुसऱ्या दिवशी निघाले. परतीच्या वाटेवर हिंगोलीला खरेदी करायची असेल तर हळद घ्या, पुण्यापेक्षा कितीतरी चांगली आणि स्वस्त. मी किलोभर घेतली. घरी आल्यावर डबा उघडला की स्वयंपाकघरात त्या रस्त्याचा वास येतो. पुढच्या महिन्यातलं स्पितीचं बुकिंग रद्द केलंय, ज्यांना माझ्याबरोबर यायचं होतं त्यांनी माफ करावं. त्या तारखांना मी परभणीची गाडी धरणार आहे. त्यानं काय होणार, हे मलाच माहीत नाही. महिन्यातून चार दिवसांची आत्या म्हणजे आई नव्हे, हे मला कुणी समजावायला नको. पण यावेळी फ्रॉक तिला बरोबर नेऊन घ्यायचा, एवढं नक्की.

प्रकाशचा पोचल्याचा मेसेज आला, कुटुंबाच्या ग्रुपवर. पत्र्याच्या दवाखान्यासमोर दोघं उभे, भोवती तिकडची हसरी मुलं. खाली लिहिलंय, कृपासाठी प्रार्थना करा. झाली ती पण विषय.

काल रविवार होता. दुपारी मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "आज कृपानं हात वर केला बरं चर्चमंदी."

"काय म्हणाली?"

"माझी मम्मी परत यावी. बस. एवढंच."

"मग? कोणी टोकलं तिला?"

"कोन टोकतंय? मी उभी ऱ्हायले ना तिच्या बाजूला. पाळकसाहेब गडबडले, म्हनले, मावशी, हा विषय तुमीच मांडा. मी मांडला. मोठ्यानं मांडला, तुह्यासारखा."

"आणि लोक?"

"म्हनले की आमेन. समदे म्हनले, चांगले जोरात." मग म्हणाली, "आता म्हनायला काय जातंय त्यायचं. विमान तर गेलं."